विदर्भातल्या सगळ्याच आमदार-खासदारांना: आधी 'तू कोणाचा' हे विचारणं बंद करा

प्रति,
विदर्भातले 62 आमदार आणि 10 खासदार. सत्तेतले पण, विरोधातले पण, आणि मागच्या वेळी इकडे होते आता तिकडे आहेत ते तर नक्कीच.

भाऊ, दादा, साहेब, ताई, ज्याला जे म्हणतात ते समजून घ्या. नमस्कार.

मी आर्णी तालुक्यातल्या एका गावात ऑनलाइन कामाचं दुकान चालवतो. सातबारा, पीएम किसान, पीक विमा, फार्मर आयडी, शाळेचे दाखले, आता या सीझनमध्ये सीसीआयला (केंद्र सरकारच्या कापूस महामंडळाला) कापूस द्यायचा म्हणून कपास किसान अॅपवर नोंदणी, आणि लाडक्या बहिणीचं केवायसी. म्हणजे गावात असा कोणताच पक्ष नाही, जात नाही, धर्म नाही, ज्याचा अंगठा माझ्या मशीनवर पडला नाही. सर्व्हर डाऊन असला की सगळे एकाच बाकड्यावर बसून वाट पाहतात आणि बोलतात. मी ऐकतो. त्या ऐकण्यावरूनच हे लिहून राहिलो, कोणाच्या सांगण्यावरून नाही. हे आधीच सांगतो कारण पत्र वाचून तुमचे कार्यकर्ते पहिलं हेच शोधतील की हा माणूस कोणाचा आहे.

आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

आता कापसाचंच घ्या. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्र सरकारने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं. आधी म्हणाले 30 सप्टेंबरपर्यंत, मग वाढवून 31 डिसेंबर केलं, म्हणजे बरोब्बर आमच्या वेचणीचा आणि विक्रीचा टाइम. लांब धाग्याचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये, पण तो सीसीआयच्या काट्यावर, तिथे ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की कटती आणि 12 च्या वर गेला की गाडी वापस. यंदा सप्टेंबरच्या पाण्याने बोंडं झाडावरच सडली त्यात 8 टक्के ओलावा कुठून आणायचा. मग माणूस खाजगी व्यापाऱ्याला देते, तिथे भाव हमीभावाच्या खालीच. हे सगळं सरळ आहे, यात काही पक्ष नाही. पण बाकड्यावर एकाने नुसतं म्हटलं की बावा हे शुल्क आत्ताच काहून काढलं, तर बाजूचा लगेच, "म्हणजे तू त्या लोकाईचा झाला वाटते." झालं. कापूस राहिला बाजूला, पुढचा अर्धा तास कोणाच्या काळात काय झालं याच्यावर.

बरं त्या काळात काय झालं तेही मला आठवते ना. मार्च 2012 मध्ये यूपीए सरकारने कापसाची निर्यात बंद केली होती, तेव्हाही भाव पाडायचाच धंदा होता. तेव्हा आज ओरडणारे गप्प होते आणि आज गप्प आहेत ते ओरडत होते. ओरडायची पाळी बदलली, वावर तेच, माणूस तोच. मला सांगा या दोन्ही वेळी तुमच्यापैकी एक तरी माणूस स्वतःच्या सरकारच्या विरोधात उभा राहून बोलला का की हे चूक आहे? असेल तर मला त्याचं भाषण पाठवा, मी दुकानाच्या बाहेर मोठा प्रिंट काढून लावतो, माझ्या खर्चाने.

लोकं म्हणतात नेत्यांचा जनतेशी संपर्क तुटला. मला हे अर्धंच पटते. संपर्क कुठे तुटला, तुम्ही तर लग्नाला येता, तेरवीला येता, पोट्ट्याच्या बारश्याला येता, आमच्या आमदारांना गावातल्या म्हाताऱ्यांची नावं पाठ आहेत, कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ते पण माहीत आहे. आणि मोठे नेते तर यवतमाळ जिल्ह्यात एवढे आले की आम्ही हेलिपॅडची चुन्याची आखणी पाहूनच सांगतो कोणत्या लेवलचा माणूस येणार. 2006 च्या जुलैमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी 3750 कोटींचं पॅकेज दिलं. 20 मार्च 2014 ला नरेंद्र मोदी आमच्याच तालुक्यात दाभडीला आले, चाय पे चर्चा केली, तेव्हा ते पंतप्रधान व्हायचे होते. आणि जळका. जळक्याच्या एका विधवा शेतकरी बाईचं नाव 2008 ला राहुल गांधींनी लोकसभेत घेतलं आणि 2023 च्या ऑगस्टमध्ये अमित शहांनी त्याच बाईचं नाव त्याच लोकसभेत घेतलं, की तिला खरी मदत आम्ही केली म्हणून. मग ती बाई स्वतः मीडियाला सांगते की नाही हो असं नाही झालं, मला मदत शहांच्या सरकारने नाही, राहुल गांधींनी केली होती. तरी टीव्हीवर भांडण चालूच. पंधरा वर्षांत दोन्ही बाजूंना तिचं नाव लागलं, पण तिच्यासारख्या बाकीच्यांचं काय केलं याच्यावर त्या दिवशी दोघांपैकी कोणाला काही विचारायची सोय राहिली नाही, कारण विचारणारा आधी कोणत्या बाजूचा ते ठरवणं चालू होतं.

म्हणून मी म्हणतो संपर्क तुटला नाही, जबाब द्यायचं तुटलं. आणि जबाब न देता चालून जाते ते यामुळेच की आम्ही दोन भागात वाटलेलो आहोत. एका भागाला तुम्ही काहीही केलं तरी बरोबर वाटते, दुसऱ्याला काहीही केलं तरी चूक वाटते, मग तुम्हाला काम करायची गरज काय उरली? तुमच्यासाठी हे लय सोयीचं आहे. आमच्यासाठी नाही.

सप्टेंबरपासून आमच्या जिल्ह्यात जे चाललं ते तर तुम्ही पाहिलंच. 2 सप्टेंबर 2025 ला मराठा आरक्षणासाठी हैदराबाद गॅझेटचा (निजामाच्या काळातल्या नोंदींचा) जीआर निघाला. तो मराठवाड्याचा विषय, आमच्या इकडे बहुतेक मराठे आधीपासूनच कुणबी, पंजाबराव देशमुखांच्या पुण्याईने तो प्रश्न इथे केव्हाचाच सुटलेला. पण त्याच गॅझेटच्या आधारावर बंजारा समाज म्हणाला आम्हाला एसटीत (अनुसूचित जमातीत) घ्या, आणि आदिवासी समाज म्हणाला आमच्या ताटात हात घालू नका. दोघांचेही मोर्चे निघाले, मोठमोठे निघाले. आता आमच्या भागात एका बाजूला बंजाऱ्यांचा तांडा आणि दुसऱ्या बाजूला कोलाम-गोंड आदिवासींचा पोड म्हणजे वस्ती, मधातून एकच पांदण रस्ता, त्या रस्त्याने दोघंही पावसाळ्यात गुडघाभर चिखलातून जातात. वेचणीला एकमेकांच्या वावरात जातात. त्या दोघांमध्ये ऑक्टोबर महिन्यात बोलणं कमी झालं. एका बाईने मला विचारलं की भाऊ, खरंच ते आपल्या सीटा घेणार का, पोराचं पोलीस भरतीचं चालू आहे. मी काय सांगू? एसटी यादीत कोणाला घालायचं हे राज्य सरकारच्या जीआरने होत नाही, त्याला संसदेत कायदा लागतो, राष्ट्रपतीची सही लागते. हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. पण हे स्टेजवर उभं राहून सांगितलं कोणी? तुम्ही एका मोर्च्याला जाऊन म्हणालात मी तुमच्यासोबत आणि दुसऱ्या मोर्च्याला जाऊन म्हणालात मी तुमच्यासोबत. दोघांनाही खरं वाटलं आणि दोघंही एकमेकांकडे संशयाने पाहू लागले. तुम्ही मात्र दोघांचेही.

बैलाचं पण तेच. मार्च 2015 पासून राज्यात बैल आणि गोऱ्ह्यांच्या कत्तलीवर बंदी आहे. कायदा योग्य का अयोग्य यावर मी बोलत नाही, लोकांच्या भावना आहेत, माझ्याही आहेत, आम्ही पोळ्याला बैलाच्या पाया पडणारे लोकं आहोत. पण म्हातारा झालेला बैल विकायचा कुठे आणि नवीन जोडी घ्यायला पैसे आणायचे कुठून, हा हिशोब पण शेतकऱ्याचाच आहे ना. 2025 च्या पावसाळ्यात रस्त्यावर गाड्या अडवण्याला कंटाळून कुरेशी व्यापाऱ्यांनी जनावरांची खरेदीच बंद ठेवली, गुरांचे बाजार बसले. आमच्या गावातला एक माणूस, कपाळाला अष्टगंध लावणारा, दर एकादशीला उपास करणारा, तो दुकानात बसून म्हणाला की यातून काहीतरी रस्ता काढा बावा, बैल दारात बांधून कडबा टाकायची ऐपत नाही माझी. तर पानठेल्यावर पोट्टे त्याच्यामागे लागले, हिंदू आहेस का नाही म्हणून. त्याने ती गोष्ट नंतर कधी काढली नाही. त्याचा प्रश्न सुटला नाही, फक्त विचारायचा बंद झाला. आणि दुसऱ्या बाजूचे नेते, त्यांनी काय केलं, त्यांनी व्हिडिओ बनवला की बघा शेतकरी पण कंटाळले, त्याची परवानगी न घेता, त्याचा चेहरा दाखवून. आता तो दोन्हीकडून गेला.

पोळ्याच्या झडत्या, म्हणजे बैलांसमोर म्हणायची टोमण्याची गाणी, तुम्हाला माहीत असतील, तुमच्यातले बरेच जण गावातून वर गेलेले आहेत. तोरणाखाली उभं राहून सरकारले, सावकाराले, पाटलाले, कोणालेही झडती हाणायची आणि सगळ्या गावाने हसायचं, हा आमचा जुना हक्क. यंदा एका म्हाताऱ्याने हाणली:

कापूस पिकला भराभरा, भावाचा नाई मेय,
नेते खेयते खो-खो अन् आमचा होते खेय,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

सांगा यात कोणत्या पक्षाचं नाव आहे? नाही ना. तरी दोन गट झाले, एक म्हणे आमच्या साहेबांना खो-खो म्हटलं, दुसरा म्हणे नाही तुमच्याच साहेबांना म्हटलं आणि बरोबरच म्हटलं. बैलं तोरणाखाली उभे आणि माणसं एकमेकांची कॉलर धरून. म्हणजे आता झडतीलाही पक्ष लागला.

आणि गंमत म्हणजे खो-खो तर तुम्ही खरंच खेळले, हे काही म्हाताऱ्याच्या मनचं नाही. 23 नोव्हेंबर 2019 ला पहाटे एक शपथविधी, 28 तारखेला दुसरंच सरकार. जून 2022 मध्ये सुरत, गुवाहाटी, गोवा करत तिसरं. 2 जुलै 2023 ला ज्यांच्या विरोधात मतं मागितली होती ते त्याच सरकारात. आता नगरपरिषदेच्या निवडणुकीत पहा, मुंबईत एका टेबलवर जेवणारे इकडे शहराशहरात एकमेकांच्या विरोधात उमेदवार देऊन उभे, आणि मतदान 2 डिसेंबरला होऊन मोजणी 21 तारखेवर गेली तर तेवढे दिवस कार्यकर्ते स्ट्राँगरूमच्या बाहेर थंडीत. तुमच्यात जर एवढी लवचिकता आहे, एवढं कोणाशीही जुळवून घेता येते, तर थोडी आम्हाला पण शिकवा. इथे 2019 पासून सख्खे दोन भाऊ बोलत नाहीत, ज्या नेत्यांवरून भांडले ते दोन्ही नेते मधात एकाच मंत्रिमंडळात बसून निघाले, यांचं अजून जुळलं नाही. धुऱ्यावरून भांडले असते तर मोजणी आणून मिटवलं असतं.

आता एक गोष्ट जी पेपरमध्ये कमी येते आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. यवतमाळ जिल्हा परिषदेवर मार्च 2022 पासून प्रशासक आहे. अमरावती, वर्धा, बुलढाण्याचं पण तसंच. आधी ओबीसी आरक्षणाचा खटला, मग वॉर्डरचनेचा घोळ, शेवटी सर्वोच्च न्यायालयाने 6 मे 2025 ला चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हटलं, मग त्याची मुदत 31 जानेवारी 2026 पर्यंत वाढवून मागितली. पावणेचार वर्षं होत आली, झेडपी मेंबर नाही, पंचायत समितीचा सभापती नाही.

तुम्हाला वाटेल याचा ध्रुवीकरणाशी, म्हणजे आम्ही दोन भागात वाटले जाण्याशी, काय संबंध. आहे. झेडपी मेंबर हा आमच्या सर्कलचा, म्हणजे झेडपीच्या मतदारसंघाचा माणूस असायचा, शेजारच्या गावात राहणारा, बाजाराच्या दिवशी भेटणारा. त्याला मत दिलेलं असो का नसो, डीपी जळाली, शाळेचं छत गळलं, दवाखान्यात औषध नाही, तर त्याच्या दारात जाता येत होतं. तो विरोधी पक्षाचा असला तरी कालच तुमच्या पोरीच्या लग्नात वाढायला होता, त्यामुळे भांडण एका लिमिटच्या बाहेर जात नव्हतं. त्याला दुसऱ्या बाजूच्या मतांचीही गरज होती, सर्कल लहान, शंभर-दोनशे मतांवर सीट पडते, कोणाला कायमचं तोडून परवडत नव्हतं. तो माणूस मधातून गेला. आता खाली सरपंच, त्याच्याकडे निधी नाही, आणि वर एकदम तुम्ही, तीन लाखांच्या आसपास मतदारांचे. मधली जागा रिकामी राहत नसते, ती मोबाइलने भरली. पूर्वी राजकारण म्हणजे पांदण रस्ता मंजूर झाला का, आता राजकारण म्हणजे मुंबईत कोणी कोणाला काय म्हटलं. त्याच्यावर आमच्या पोट्ट्यांनी एकमेकांना ब्लॉक केलं. ज्याने म्हटलं त्याला माहीत पण नाही की आमचं गाव कुठे आहे.

आणि तुमच्यातल्या एकालाही, एकालाही हं, या पावणेचार वर्षांत झेडपीची निवडणूक लवकर घ्या म्हणून सभागृहाच्या वेलमध्ये (अध्यक्षांसमोरच्या जागेत) उतरलेलं मी पाहिलं नाही. काहून उतरतील? मेंबर नसला की सगळी कामं आमदारांच्या शिफारशीने होतात. यावर मात्र सत्ताधारी-विरोधक दोघांची मस्त एकी आहे.

नागपूर अधिवेशनाचं काय सांगावं. 1953 च्या नागपूर कराराच्या मेहरबानीने तुम्ही जवळपास दरवर्षी हिवाळ्यात नागपुरात अधिवेशनाला जमता. 2024 ला 16 ते 21 डिसेंबर अधिवेशन होतं, सहा दिवस. मंत्र्यांनी 15 तारखेला नागपुरात शपथ घेतली आणि खाती वाटली 21 तारखेला, अधिवेशन संपलं त्या रात्री. म्हणजे सहा दिवस कापसाचा प्रश्न विचारला तर त्याचा मंत्री कोण हेच ठरलेलं नव्हतं. आणि 2025 च्या पावसाळी अधिवेशनात तेव्हाचे कृषिमंत्री सभागृहात मोबाइलवर पत्ते खेळताना व्हिडिओत दिसले, ते म्हणाले जाहिरात आली होती ती बंद करत होतो. बरं, जाहिरात असेल. पण तेव्हाही आमच्या बाकड्यावर चर्चा काय झाली माहीत आहे? त्यांच्या राज्यात पीक विम्याचं काय झालं ही नाही. व्हिडिओ कोणत्या पक्षाच्या माणसाने काढला ही झाली.

एक दिवस मात्र वेगळा पाहिला आणि तो लिहिलाच पाहिजे. ऑक्टोबर 2025 च्या शेवटी बच्चू कडूंनी नागपूरजवळ हायवेवर कर्जमाफीसाठी ठिय्या दिला होता. त्यांचंही राजकारण सरळ रेषेचं नाही, ते दोन्ही सरकारांसोबत राहून आले. पण त्या रस्त्यावर राजू शेट्टी होते, महादेव जानकर होते, लाल झेंड्याचे अजित नवले होते, विदर्भवादी वामनराव चटप होते. आमच्या गावातून टेम्पो भरून लोकं गेले त्यात सगळ्या पक्षांचे होते, दुपट्टे घरी ठेवून गेले. दोन दिवस कोणी कोणाला तू कोणाचा म्हणून विचारलं नाही. आणि काय झालं, सरकारला बोलवून चर्चा करावी लागली, 30 जून 2026 च्या आत कर्जमाफीचा निर्णय करू म्हणून तारीख द्यावी लागली. ती पाळतील का नाही ते जूनमध्ये दिसेल. परत आल्यावर चौथ्या दिवशी ग्रुपवर सुरू झालं, हे आंदोलन कोणी स्पॉन्सर केलं म्हणून. ज्याने ते टाकलं तो स्वतः टेम्पोत होता.

म्हणून आता मागणी सांगतो, लांबवत नाही. आमच्या तालुक्यावर हक्क सांगणारे तुम्ही जेवढे आहात, निवडून आलेले, पडलेले आणि तिकिटाच्या रांगेत असलेले, सगळ्यांनी एका दिवशी एकत्र या. वेगवेगळे मेळावे नको, ते लय झाले. एकाच सतरंजीवर बसा. गळ्यात दुपट्टा नको, मागे बॅनर नको, भाषण तर अजिबात नको. लोकं प्रश्न विचारतील आणि प्रत्येकाने त्यालाच उत्तर द्यायचं: सीसीआयचा काटा तालुक्यात किती दिवस चालणार, आयात शुल्कावर तुम्ही तुमच्या पक्षात काय बोललात, एसटी यादीचं खरं काय ते बंजारा आणि आदिवासी दोघांच्या समोर एकाच वाक्यात सांगा, म्हाताऱ्या बैलाचं काय करायचं, वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वे कळंबपर्यंत 2024 ला आली ती पुढे केव्हा सरकणार, नवरा आणि बाप दोन्ही नसलेल्या बाईने लाडक्या बहिणीच्या केवायसीत कोणाचा आधार नंबर टाकायचा. हा शेवटचा तर मला रोज विचारतात आणि ज्या हेल्पलाइनला मी फोन लावतो तिथे गाणं वाजते.

एकाने उत्तर दिलं की दुसऱ्याने तुमच्या काळात काय होतं म्हणायचं नाही. म्हटलं तर आम्ही माइक बंद करू, माइक आमच्याच गावचा आहे, भजनी मंडळाचा.

बुधवारी आमचा बाजार असतो, म्हणून दुसरा कोणताही वार द्या. शाळेच्या मैदानावर सावली चांगली आहे, मंडप लागत नाही. दुपारी चारच्या आधी ठेवू नका, बाया वेचणीला जातात त्या चारनंतरच मोकळ्या होतात, आणि त्यांच्याशिवाय बैठक घ्यायची नाही असं ठरलं आहे. तारीख माझ्या दुकानावर कळवली तरी चालेल, मी सगळ्यांना मेसेज टाकतो, दोन्ही ग्रुपवर. आणि गाड्यांचा ताफा बसस्टँडच्या आत लावू नका, मागच्या वेळी तुमच्या गाड्यांमुळे एसटी बस फिरली नाही आणि पोरी कॉलेजात पेपरला उशिरा पोहोचल्या.

आपला,
एक मतदार
आर्णी तालुका, जि. यवतमाळ
डिसेंबर 2025